कडी नसलेली खोली

दाराला कडी नव्हती. फळीवर जुन्या कडीची भोकं तेवढी होती. मिठबावच्या त्या घरात शिरल्या शिरल्या मला आधी तीच दिसली आणि माझं डोकं फिरलं.

बासष्ट-त्रेसष्ट साल असावं. मुलगी अगदी तान्ही होती. मुंबईत दोन खोल्यांत आमचं सगळं खटलं. बाळाला पाजायचं तर भिंतीकडे तोंड करून बसायचं, आणि पाठीमागे सासरे मोठ्याने वर्तमानपत्र वाचणार. हे म्हणाले, मे महिन्यापुरती गावाकडे खोली भाड्याने घेतो, जरा हवापालट होईल. मला ना समुद्राची हौस होती ना माशांची. दार लावून निवांत पाजता येईल एवढीच आशा होती. त्या एका दारासाठी मी देवगडपर्यंत बोटीत ओकत आले.

आणि अर्ध्या खोलीत आंब्यांची अढी! गवतावर आंबे, त्यावर पुन्हा गवत. ती रोज चाळायची, पिकलेले आंबे निवडून टोपलीत भरायचे, आणि दोन्ही हातांत टोपली घेतलेल्या माणसाला दार खांद्यानेच ढकलावं लागतं. म्हणून कडी काढून टाकलेली. मालकाने हे सगळं मोठ्या कौतुकाने सांगितलं. मी कडी लावून मागितली तर हसला.

"हंय कोण येतलो? घर तुमचाच समजा."

यावर आमचे हेही हसले. म्हणाले, "बघ, किती मोकळी माणसं!" यांना काय जातंय! यांना कुठे पदर सांभाळायचा होता?

मालक निदान खाकरून तरी आत यायचा. त्याचा धाकटा भाऊ मात्र कधी खाकरला नाही. खांद्याने दार ढकलायचा, थेट अढीपाशी जाऊन बसायचा, एकेक आंबा हुंगायचा आणि मधूनच माझ्याकडे बघायचा. त्या बघण्याला काय म्हणतात ते बायकांना समजावून सांगावं लागत नाही. मी यांना सांगितलं, तर म्हणाले, "तुझ्या मनाचे खेळ. त्यांचंच घर आहे, कटकट करू नकोस."

मग मी दुसरा उपाय केला. पिकलेल्या आंब्यांची भरलेली टोपली ओढत नेऊन दाराला लावली आणि पाजायला बसले. थोड्याच वेळात त्याने बाहेरून सवयीने खांदा मारला. टोपली उलथली, आंबे घरंगळले, काही फुटले. बाळ दचकून रडायला लागलं.

"आंबे फुटले मरे!" तो ओरडला आणि सगळं घर माझ्या खोलीत गोळा झालं. मालक, त्याची बायको, आमचे हे. मी पदर ओढून कोपऱ्यात बसलेली, आणि ही मंडळी वाकून आंबे चाचपतायत. माझ्या नवऱ्याने तर त्या धाकट्या भावाची माफी मागितली! माझ्यादेखत, हात जोडून! त्या क्षणी त्या हातांवर एखादा आंबा फेकून मारावा असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी बाळ भुकेने रडायला लागलं तशी मालकीण विळी आणि माशांचं ताट घेऊन आली आणि माझ्या उंबऱ्यावर पाठमोरी बसून मासे साफ करू लागली. दार अख्खं अडलं. तिचा तो दीर टोपली घेऊन आला. तिने मान वर केली नाही.

"भायर रव रे. पोर दूध पिता हा. आंबे पळान जावचे नाय."

तो काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. त्या महिन्यात पहिल्यांदाच मी पदर बाजूला टाकून, भिंतीला टेकून बसले. बाळ पिता पिता झोपलं. मी म्हटलं, "काकी, तुमचे फार उपकार झाले."

तिने विळीवरचे खवले पुसले.

"माज्या पोरांच्या वक्ताक असा कोणीच बसाक नाय गो," ती म्हणाली, आणि पुढचा मासा घेतला.