तोरडी काळी पडली नाही

धाकटी जाऊ मेळघाटाच्या पायथ्याची. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात तिनं शेताच्या धुऱ्यावरून टोपलंभर अळंब्या आणल्या. लिंबाएवढ्या, गोल, पांढऱ्या. ना दांडा ना छत्री. मला बाई तिचा आधीच भरवसा नव्हता. इतकं गोड बोलते, सासूबाईंचे पाय चेपते, म्हणजे मनात काहीतरी असणारच, असा माझा स्वभाव. आता हे काय खाऊ घालते कोण जाणे! पण हिलाच तेवढं कळतं की काय, म्हणून मीही वावरातून येताना झाडाखालची तशीच एक उचलली आणि गुपचूप टोपल्यात टाकली.

जाऊ आंघोळीला गेली, तेव्हा सासूबाईंनी त्या धुऊन गंजात, मोठ्या पातेल्यात, अख्ख्याच उकळायला लावल्या आणि वर माझ्या लेकीच्या पायातली चांदीची तोरडी सोडली. विषारी असलं तर चांदी काळी पडते, हे त्यांचं शास्त्र. तोरडी लख्ख राहिली. मी जरा हिरमुसलेच, खोटं कशाला सांगू? चार वर्षांची लेक ताटली घेऊन बसलीच होती.

जाऊ ओल्या केसांनी आली आणि तिनं चिरून पाहिल्या का म्हणून विचारलं. मी तोरडी दाखवली. तिनं आधी गंज खाली उतरवला.

"ताई, चांदीले काय समजते? चिरून पाहा लागते."

एकेक मधोमध चिरली. आत सगळ्या खोबऱ्यासारख्या पांढऱ्या. एकीत मात्र इवलीशी छत्री मिटून बसलेली. ही विषारी जात, अजून उमलली नाही म्हणून गोल दिसते, पोटात गेली तर लेकरू हाती लागत नाही, असं सांगून तिनं पाण्यासकट सगळं दूर खड्ड्यात पुरलं. झाडाखालची ती माझीच होती.

सासूबाई तिच्यावरच कडाडल्या. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला कळलं होतं, मला खात्री आहे.

"माह्या नजरेतून सुटली असन," ती म्हणाली.

ती मीच टाकली, हे मी सांगितलं नाही. स्वतःचीच किळस आली, तरी नाही. तेव्हापासून सासूबाईंनी माझ्या लेकीला जावेच्या हातचं खाऊ दिलं नाही. पोर काकूच्या ताटाकडे धावली की त्या तिला हाक मारून माघारी बोलवायच्या, आणि मी तिथंच चुलीपाशी भाकरी थापत असायचे.