बेडकांचा थंडीतला मुक्काम

तळ्यावर जायचा दिवस असला की आमच्या वन्सं ठेवणीतले कपडे घालत. माझ्या हे लक्षात यायला दोन वर्षं लागली, कारण वरून पांढरा, गळ्यापासून घोट्यापर्यंतचा झगा चढवायचा, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि हातात मोजे. आत काय घातलंय ते माणसाला सोडा, बेडकालाही दिसायचं नाही. मग इस्त्री कशासाठी? एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "घरी जाताना गबाळं जाऊ नये, वहिनी."

घर म्हणजे तळ्याकाठचं त्यांचं घर. तसं ते माझं सासर, पण लग्नानंतर मी तिथे सुट्टीपुरतीच गेलेली. यांची नोकरी शहरात, त्यामुळे ते घर खऱ्या अर्थानं सासूबाईंचं आणि वन्संचं. सतरा वर्षांपूर्वी तळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या अणुवीज केंद्रातून गळती झाली. दुपारची भांडी विसळून व्हायच्या आत दारात गाड्या उभ्या राहिल्या. दोघी दोन पिशव्या घेऊन आमच्याकडे आल्या. पुढच्या दाराची किल्ली वन्संच्या मुठीत होती. ती मूठ सोडवून मीच किल्ली काढून घेतली आणि स्वयंपाकघरातल्या खणात ठेवली.

सासूबाई त्यानंतर सहा वर्षं जगल्या. रोज एकदा तरी विचारायच्या, "मागचं दार लावलं होतंस ना ग?"

"लावलं होतं, आई," वन्सं म्हणायच्या.

एकदा माझ्याबरोबर भाजी निवडताना वन्सं हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? मला आठवतच नाही."

वन्सं आधी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. बंद केलेल्या भागातल्या प्राण्यांना किरणांचा कितपत धोका आहे, हे तपासणारं एक कार्यालय शहरात निघालं आणि त्यांना तिथे काम मिळालं. आमचे हे म्हणाले, "जिथून उठवलं तिथेच परत जायला पगार घेणारी तू पहिलीच." वन्संनी ते कौतुक म्हणून घेतलं.

काम असं. महिन्यातून दोनदा जीपनं तळ्यावर जायचं. पाणी बाटलीत, चिखल बरणीत, बेडूक जाळीत. नाक्यावरच्या शेडमध्ये बेडकाचं वजन करायचं, झाकणाच्या डब्यात घालून शिशाच्या जाड पेटीत पाव तास ठेवायचं. यंत्र त्याच्या अंगातली किरणं मोजतं. मग त्याला पुन्हा काठावर नेऊन सोडायचं. कार्यालयात त्यांना सगळे बेडूकताई म्हणत, आणि पेटीतल्या बेडकाला त्या "बस हं जरा, झालंच" म्हणतात, असं ड्रायव्हरनं मला हसत सांगितलं होतं.

खरी मेहनत कागदावर. प्राण्याला तासाला किती किरणं पोचत असतील, त्या आकड्याला दुसऱ्या एका आकड्यानं भागायचं: किती पोचली तरी त्या जातीचं काही बिघडत नाही, तो आकडा. उत्तर एकाच्या आत आलं की फाईल बंद. वर आलं की पुन्हा जा, पुन्हा मोजा. आणि जिथे नक्की माहीत नाही, तिथे वाईटात वाईट धरून चालायचं. मला हे लगेच समजलं. मुलीला घरी यायला अर्धा तास उशीर झाला की मीसुद्धा तेच करते.

एक गोष्ट मात्र गळ्याखाली उतरली नव्हती. "तिथे बेडूक राहतात, बदकं राहतात, मग तुम्हाला का राहू देत नाहीत?"

"बेडकांचं बघताना एकेक बेडूक बघत नाहीत हो," वन्सं म्हणाल्या. "त्यांची वस्ती टिकली म्हणजे झालं. माणसाचं उलटं. एकेकाला जपायचं, म्हणून वस्ती उठवायची." आणि पुढे म्हणाल्या, "मी बेडूक असते तर मला केव्हाच परवानगी मिळाली असती."

या तपासणीत एक तक्ता असतो. प्राणी वर्षातला किती काळ कुठे काढतो, त्याचा. रकाने तीन: पाण्यात, चिखलात, काठावर. किरणांचा गाळ सगळा तळाच्या चिखलात बसलेला, त्यामुळे चिखलाचा रकाना महत्त्वाचा. थंडीचे पाच महिने बेडूक दिसेनासे होतात. कुठे जातात ते कुणी पाहिलेलं नाही, म्हणून वाईटात वाईट धरून कुणीतरी पहिल्याच वर्षी चिखलाच्या रकान्यात ते पाचही महिने टाकले होते. भागाकार आला एक पूर्णांक चार. तो नऊ वर्षं तसाच येत राहिला आणि वन्संच्या गळ्यात प्रवेशाचं ओळखपत्रही नऊ वर्षं तसंच लटकत राहिलं.

मग एका संध्याकाळी वन्सं आणि मी मटार सोलत बसलो होतो. हे वर्तमानपत्र वाचत होते. वन्सं म्हणाल्या, "भागाकार काही एकाच्या आत येत नाही, म्हणून तळं उपसायचं ठरतंय."

"म्हणजे?"

"पाणी काढून टाकायचं, चिखल खरवडून न्यायचा. ट्रकना वाट हवी म्हणून काठावरची घरं पाडायची. सहा वर्षं चालेल म्हणे."

"मग तुझी नोकरी सहा वर्षं पक्की," हे म्हणाले. "बरंच झालं की. आणि त्या घराच्या दगडमातीत काय ठेवलंय आता?"

"तुला काय रे. तू कधी न्हाणीघर घासलंस?" वन्सं म्हणाल्या. एरवी हे त्यावर काहीतरी बोलले असते. पण वन्संच्या हातातली शेंग नुसतीच हातात होती, म्हणून वर्तमानपत्राची घडी घातली.

हे उठून गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. बेडूक थंडीत चिखलात नसतात. न्हाणीघराच्या दगडी भिंतीच्या फटींत असतात. त्या लहान असताना सासूबाई तिथल्या आंघोळीच्या दगडामागचे बेडूक मोजून दाखवायच्या. त्यांना अंक तिथेच शिकवले होते.

"आणि नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेले ना, तेव्हा मागचं दार उघडंच होतं, वहिनी. सताड. आता ते घरात शिरून भिंतीत जातात. दर थंडीत बघते मी."

"म्हणजे आईंना तुम्ही…"

"वर्षभर खोटं सांगितलं. लावलं होतं म्हणून."

मी मटाराचं भांडं बाजूला सारलं. "आणि कार्यालयात?"

"कुणी विचारलं नाही."

हे उत्तर मला माझ्या मुलीकडून आलं असतं तर मी काय बोलले असते ते मला ठाऊक आहे. वन्संपुढे मी मनातल्या मनात हिशोब मांडला. भिंतीतले बेडूक सांगितले, की चिखलाचा रकाना रिकामा होणार, भागाकार एकाच्या आत येणार, तळं वाचणार, घर वाचणार. पण फाईल बंद, आणि फाटकातून आत सोडणारं ओळखपत्रही जमा. गप्प राहिलं तर सहा वर्षं जायला मिळणार, पण कशाला जायचं? ट्रक मोजायला?

"तळं उपसलं तर बेडकांचं काय होईल?" मी विचारलं.

"काय होणार? वाचवण्यासाठी मारून टाकलेले असतील," म्हणत त्यांनी हातातली शेंग एकदाची सोलली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्त्यावर पट्टीनं चौथी रेघ मारली, रकान्याला नाव दिलं 'घर', आणि तो कागद कार्यालयाच्या मुख्य मॅडमपुढे ठेवला. मॅडम आधी चिडल्या. "नऊ वर्षं माहीत होतं आणि आज सांगताय?" मग मॅडम म्हणाल्या, "लहानपणीच्या आठवणीवर मी सही करू शकत नाही. पुरावा आणा."

त्या पुराव्यात माझा हात आहे, हे मी थोड्या मिजाशीनंच लिहिते. किरणं मोजणारी तांदळाएवढी चकती बेडकाच्या कमरेला बांधायची होती, अशी की निसटू नये आणि काचूही नये. कार्यालयानं मागवलेले रबरी पट्टे बेडकांनी दोन दिवसांत उतरवून टाकले. शेवटी मी ताणाच्या दोऱ्यात बारीक काचमणी ओवून चाळीस करगोटे केले, प्रत्येकाचे रंग वेगळे. हे म्हणाले, "आमच्या लग्नात एवढा नट्टापट्टा नव्हता." थंडी यायच्या आत वन्संनी चाळीस बेडूक नटवून सोडले.

ऐन थंडीत मॅडम स्वतः गेल्या. न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून त्यांनी बॅटरी मारली आणि फटीफटींतून मणी चमकले. लाल-पिवळा, निळा-पांढरा. चाळीसपैकी सव्वीस. चकत्यांवरचे आकडे आले, नवा भागाकार झाला: शून्य पूर्णांक सहा. बदकं, गोगलगायी, काठावरचं गवत तर आधीपासूनच एकाच्या आत होतं. तळ्याला हात लावू नये, असा अहवाल गेला. मॅडमनी त्यात 'स्थानिक माहितीच्या आधारे' असं लिहिलं होतं. वन्संनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं आणि तिसऱ्यांदा वाचताना चष्मा काढला.

शेवटच्या फेरीला त्या नेहमीसारख्याच इस्त्रीचे कपडे घालून निघाल्या. मी खणातली किल्ली त्यांच्यापुढे धरली. म्हणाल्या, "पुढच्या दाराची आहे ती. मला मागून जायचंय."

तिथलं पुढचं मला ड्रायव्हरकडून कळलं. करगोटे काढून झाले, बेडूक जागच्या जागी ठेवून झाले, तरी बेडूकताई बाहेर येईनात. तो बोलवायला गेला, तर त्या न्हाणीघराची फरशी घासत होत्या. "अहो ताई, कुणासाठी?" असं त्यानं विचारलं, तर म्हणाल्या, "राहणारे आहेत ना आत." नाक्यावर नेहमीप्रमाणे तपासणी झाली. बुटांच्या तळव्यांवर यंत्र वाजलं, म्हणून बूट तिथेच ठेवून घेतले. ओळखपत्रही तिथेच घेतलं.

घरी आल्या त्या ड्रायव्हरच्या जास्तीच्या चपला घालून, फटक-फटक करत. जेवल्या, भांडीसुद्धा विसळू लागल्या.

याला आता दोन वर्षं होतील. वन्संना दुसरं काम मिळालं, बसल्या जागी, भाजीपाल्याचे नमुने तपासायचं. कपड्यांना इस्त्री अशी त्या आता करत नाहीत. आमच्या बाल्कनीतून तळ्याची दिशा दिसते, तळं अर्थातच दिसत नाही. परवा गारठा पडला. त्या शाल घेऊन तिकडे तोंड करून बराच वेळ उभ्या होत्या. मी चहा घेऊन गेले.

"आता शिरले असतील सगळे आत," त्या म्हणाल्या.

"हो ना."

कप दोन्ही हातांत धरून त्यांनी एक घोट घेतला. "निघताना दाराला मोठा दगड लावून आले, वहिनी. वाऱ्यानं मिटू नये म्हणून. आईनं आज विचारलं असतं ना, तर खरं सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतं?"

"उघडं ठेवलंय म्हणून."