गादीवाल्या चाचांचं ट्युलिप

अख्ख्या खामगावात सूर्याशी उघड वैर धरलेला माणूस एकच: आमच्या गल्लीत गाद्या भरणारे चाचा. ‘आपल्याकडं हे होत नाही’ एवढं त्यांच्यासमोर कुणी म्हणायचा अवकाश, की ती गोष्ट ते करणारच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. तेव्हा गल्ली हसली, पण चाचांनी दुकानावरची माडी मला अभ्यासाला उघडून दिली. खाली रुई पिंजली जायची आणि माझं पुस्तक पांढरं व्हायचं. त्यामुळे त्यांच्याविषयी मी जे सांगेन, ते मायेनंच.

त्यांचा मोठा मुलगा ट्रक चालवतो. काश्मीरहून सफरचंदं आणताना त्यानं ट्युलिपचे मूठभर कंद आणले. पहिल्या वर्षी ते अंगणात सडले. नर्सरीवाला म्हणाला, “चाचा, पहाडातलं फूल हाये. आपल्या इथं येत नाही.” झालं! पुढच्या खेपेचे कंद थेट फ्रिजमध्ये गेले, आणि चाचींचं दही बाहेर आलं.

“हे कांदे काढा आधी!” चाची कडाडल्या.

“कांदे नोको म्हनू त्याईले. मेहमान हायेत.”

थंडी पडल्यावर मेहमान कुंडीत गेले. चाचांनी कुंडीच्या मापाची खोळ शिवली, तीत रुई ठासली आणि कुंडीला चक्क गादी नेसवली. रोज सकाळी मातीवर बर्फाचे खडे ठेवायचे आणि रुईनं गारवा धरून ठेवायचा, असा बेत. येणारा-जाणारा विचारायचा, “काऊन चाचा, कुंडीले हिव वाजून राह्यलं का?” गिऱ्हाइकांच्या गाद्या तुंबल्या, एका लग्नाची गादी वरातीनंतर पोचली, पण बर्फ चुकला नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी कळी उघडली. लालभडक, पण देठ वाढलाच नव्हता. फूल मातीला टेकून, रुसलेल्या पोरासारखं बसलेलं. चाचांनी गल्ली गोळा केली, नर्सरीवाल्याला दुकानातून ओढून आणलं. तो वाकून म्हणाला, “लयच बुटकं हाये बा.”

“फूल हाये का नाही, तेवढं सांग! मी त्याले पोलिसात भरती करून नाही राह्यलो.”

“हाये,” तो म्हणाला. चाचांनी ते त्याच्याकडून पुन्हा एकदा, मोठ्यानं वदवून घेतलं.

दुपारी ऊन चढलं तशा पाकळ्या ताटासारख्या पसरल्या आणि संध्याकाळच्या आतच गळल्या. लोक केव्हाच पांगले होते. मी म्हणालो, “चाचा, एका दिवसासाठी एवढं?”

“एक दिवस तं आलं ना इथं? आता कोणी म्हनून दाखवो, येत नाही म्हनून.”

हे त्यांनी माझ्याकडं न बघताच सांगितलं. ते कुंडीजवळ उकिडवे बसले होते, आणि त्या उघड्या बुटक्या देठावर ऊन पडू नये म्हणून त्यांनी तळहात आडवा धरला होता.