शुक्र अजून बुडाला नव्हता

हात ताठ पुढं करून मूठ वळली, तर ती आभाळाचे साधारण दहा अंश झाकते. माणूस उंच असो वा बुटका, हिशेब फारसा चुकत नाही, कारण लांब हाताला मूठही मोठी असते. आमच्या माळवदावर ग्रह-तारे बघायला जे कोणी येतात, त्यांना मी दुर्बिणीआधी ही मूठ शिकवतो. खालून बायको ओरडून सांगते, "नीट शिका! यांचं लग्न त्या मुठीवर झालंय." लोक हसतात. त्यांना ती थट्टा वाटते. ती थट्टा नाही, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

निजामाचा अंमल होता आणि दुसरं महायुद्ध सुरू होऊन वर्ष पुरं व्हायचं होतं. परंड्याच्या शाळेत मी उर्दूतून हिसाब शिकवीत होतो. शाळा सुटली की मला एकच वेड होतं. दुर्बीण मी स्वतः केली होती. तिचं मोठं भिंग सोलापूरच्या एका चष्मेवाल्याकडचं, न कापलेलं. डोळ्याला लावायचं छोटं भिंग एका घड्याळजीचं. सोलापूर इंग्रजी मुलखात, त्यामुळं परतताना करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकातीवर, झडती झाली. कारकुनानं मोठी काच उजेडात धरली आणि विचारलं, "इत्ता बडा चष्मा? हाथी कू लगाते क्या?" हत्तीच्या चष्म्यावर किती जकात घ्यायची हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्यानं काच तशीच सोडली.

नळी करून दिली तेरखेड्याच्या एका शोभेच्या दारूवाल्यानं. कागदावर कागद खळीनं चिकटवून त्यानं जवळजवळ माझ्या छातीपर्यंत येईल अशी नळी वळली.

"आत दारू किती भरायची?" त्यानं विचारलं.

"दारू नाही भरायची."

"मग ही उडंल कशी?"

"उडत नाही. यातून नुसतं बघायचं."

त्याला माझी दया आली असावी. पण नळी त्यानं बंदुकीसारखी सरळ केली. तिच्यातून कोणतीही वस्तू वीसपट मोठी दिसे, आणि नळीला शोभेच्या दारूचा वास अजून येतो.

त्या उन्हाळ्यात मी मुलगी बघायला गेलो. गाव येडशीच्या बाजूला, बालाघाटाच्या एका डोंगराच्या पूर्वेला अगदी पाठ टेकून बसलेलं. मुलींना काय विचारतात ते मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "ध्रुव तारा कुठं दिसतो?"

तिनं मान वर न करता सांगितलं, "तुमच्या पाठीमागं. पण आत्ता दुपार हाय."

सगळी बैठक हसली. मीही हसलो, आणि परंड्याला पोचेपर्यंत मधूनमधून हसतच होतो. दोन दिवस फळ्यावर लिहिलेल्या बेरजा चुकत होत्या, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

लग्न ज्येष्ठात ठरलं, गोरज मुहूर्तावर. शुक्राचा अस्त झाला, म्हणजे तो सूर्याच्या फार जवळ जाऊन दिसेनासा झाला, की लग्न करीत नाहीत. आमच्या पंचांगात अस्त लग्नानंतर पाच दिवसांनी होता. अस्ताआधीचे शुक्राच्या म्हातारपणाचे तीन दिवस वगळले तरी दोन उरत होते. मी तो हिशेब तीनदा केला होता. लग्नानंतर नवरीला ध्रुव आणि अरुंधती दाखवतात. ते दाखवायला दुर्बीण बरोबर घेतली. गाडीत ती लांब नळी बघून आई म्हणाली, "नवरदेव लग्नाला निघालाय का शिकारीला?"

लग्नाच्या दिवशी दुपारी मी मारुतीच्या देवळात, जानवशात, हळद लावून बसलो होतो. करवली म्हणून आलेली माझी धाकटी बहीण धावत आली.

"दादा, तुझा शुक्र बुडाला म्हणं!"

"कुणी सांगितलं?"

"तिच्या चुलत्यांनी. आळंदहून आलेत, कानडी पंचांग घेऊन. त्यात तीन दिवसांपूर्वीच बुडालाय. आता तुळशीच्या लग्नानंतर बघू म्हणतायत."

मी बोटांवर महिने मोजले. पुढं आषाढ, मग चातुर्मास. पाच महिने मुहूर्त नव्हता. आणि चुलत्यांच्या मनात आळंदकडचं एक स्थळ आधीपासून होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पाच महिन्यांत ती मुलगी मला मिळालीच नसती.

मी तसाच मुंडावळ्यांसकट मंडपात गेलो. मुलीचे वडील मऊ माणूस. ते एकदा भटजींकडं बघत होते, एकदा भावाकडं. चुलते उंचपुरे, आवाज खणखणीत, पंचांग काखेत. गावकरीही त्यांच्याच बाजूनं बोलत होते. "व्हय, चार दिस झालं, सांजचा तारा दिसंना झालाय."

"मी परवाच परंड्यात किल्ल्याच्या बुरुजावरून पाहिला," मी म्हणालो.

"परंड्याचा शुक्र परंड्याला राहू द्या, जावईबापू," चुलते म्हणाले. "आमच्या गावचा बुडालाय."

तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या मागच्या डोंगराकडं गेलं. मी हात ताठ केला आणि मूठ वळली.

"आगं आई गं! नवरदेव मुठी दाखवतोय!" कोणी बाई किंचाळली. दोघांनी मला कमरेला धरलं. चुलत्यांनी पंचांग काखेतून काढून ढालीसारखं धरलं. मी मात्र मोजत होतो. डोंगर दीड मूठ. परंड्यात मोजल्याप्रमाणं शुक्र सूर्यापासून पावणेदोन मुठींच्या वर. म्हणजे सूर्य खऱ्या क्षितिजाला टेकेल तेव्हा शुक्र डोंगरमाथ्यावर जेमतेम दोन बोटं उरणार, आणि अंधार पडायच्या आत डोंगराआड जाणार. गावाला तो दिसणार कसा?

"शुक्र बुडालेला नाही," मी ओरडलो, "तुमचा डोंगर आडवा आलाय!"

मला सोडल्यावर मी सगळं समजावून सांगितलं. चुलत्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे तुमी आमाला दिवसाउजेडी तारा दाखवणार?"

"दाखवतो."

ते इतक्या मोठ्यानं हसले की दावणीच्या बैलांनी माना वळवल्या. "ठरलं. दाखवलात तर पयली अक्षता माझी. न्हाय दाखवलात तर मंडप सोडायचा."

मुलीच्या वडिलांनी मान डोलावली. आता सगळं त्या कागदी नळीवर आलं होतं.

सूर्य डोंगराआड जाईपर्यंत मी कोणाला नळीला हात लावू दिला नाही. दुर्बिणीतून सूर्य दिसला तर डोळा जातो. मग डोंगराची सावली मंडपापलीकडच्या खळ्यावर पसरली. वर आभाळ लख्ख निळं होतं. बैलगाडीची दांडी उचलून खाली दगड रचले, तिच्यावर नळी दाव्यानं बांधली. नऊ दिवसांचा चंद्र उंच आला होता. आधी त्याच्यावर भिंग पुढंमागं करून चित्र स्वच्छ करून घेतलं, नाहीतर शुक्र समोर असूनही दिसला नसता. मग डोंगरावरच्या आभाळात शोध सुरू केला.

मुंडावळ्या सारख्या भिंगापुढं येत. सोडायला गेलो तर बायका ओरडल्या. शेवटी बहीण त्या दोन्ही हातांनी वर धरून उभी राहिली. दुर्बिणीत सगळं उलटं, नळी डावीकडं नेली की आतलं आभाळही डावीकडंच पळे. निळं, निळं, एक घार, पुन्हा निळं.

"जावईबापू, घावलं का वासरू?"

"आरं दारूची नळी हाय ती, काडी लावा की!"

"दादा, हात भरून आले रे," बहीण म्हणाली.

घाम डोळ्यांत उतरत होता, हळद ओघळत होती. पुन्हा डोंगरमाथ्यापासून सुरुवात केली, अर्धी अर्धी मूठ वर. आणि निळ्यात ती तरंगत आली: बारीक, पांढरीशुभ्र, दोन्ही टोकांना अणकुचीदार कोर.

"सापडला!" मी बोंबललो.

वाजंत्र्यांना सांगून ठेवलं होतं की खूण झाली की वाजवा. त्यांना हीच खूण वाटली. सनई-ताशा सुरू झाला. ताशा ऐकून मंडपातल्या लोकांनी मुहूर्त लागला म्हणून अक्षता टाकल्या, साऱ्याच्या साऱ्या, रिकाम्या पाटांवर. भटजी "अहो थांबा, थांबा" म्हणत धोतर सावरत आत धावले.

इकडं चुलते नळीला डोळा लावून वाकले. मग सरळ झाले. "चंद्र दावताय व्हय मला?"

"चंद्र वर आहे. वर बघा."

त्यांनी वर पाहिलं. अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र निवांत बसला होता. पुन्हा नळीत पाहिलं. पुन्हा वर.

"मग ही कोर कुणाची?"

"शुक्राची. त्यालाही कला असतात, चंद्रासारख्याच."

"अय्यो!" म्हणाले, आणि तिसऱ्यांदा वाकले ते उठेनातच. आत बघतच त्यांनी भावाला सांगितलं, "पुस्तकात बुडालाय. पण म्या बघतोय. लावा लग्न."

मला वाटलं, संपलं. तर आता सगळ्यांनाच बघायचं होतं. रांग खळ्याबाहेर गेली. ताशेवाला आला, स्वयंपाकीण पिठाच्या हातानं आली, माझी आई आली आणि "इतका गोड असंल असं वाटलं नव्हतं" म्हणाली. भटजी एकदा बघून गेले आणि पुन्हा रांगेत सापडले. मी मनात माणसं मोजली, वेळ मोजला. रांग संपायच्या आधी मुहूर्त संपत होता.

"आता पुरे!" मी म्हणालो.

"पुरे कसं?" चुलते म्हणाले. "जिचं लगीन आडलं तिनंच बघितला न्हाय."

पण लग्नाआधी नवरा-नवरीनं एकमेकांना बघायचं नाही. चुलत्यांनी अंतरपाट मागवला. एक टोक त्यांनी धरलं, एक भटजींनी. नळी अंतरपाटाखालून आरपार. पलीकडं भिंगाशी ती, अलीकडं नळी सावरत मी. मला फक्त तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "पळतोय त्यो. तुमी नळी हलवताय का?"

"मी नाही. पृथ्वी फिरतेय."

"मग तिला म्हणावं, जरा दम धर."

मी इतका हसलो की नळी खरोखरच हलली. तेवढ्यात भटजी दचकले. "मुहूर्त! मुहूर्त आला!" मंडप गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्हता, पण तिथवर जाऊन पाट मांडायला वेळ नव्हता.

"अंतरपाट धरल्यालाच हाय," चुलते गरजले. "हितंच उरका!"

बैलगाडीशेजारी मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता नव्हत्या, म्हणून चुलत्यांनी कोठीतून ज्वारीचं अख्खं पोतं आणवलं. "शुभमंगल सावधान" झालं, अंतरपाट दूर झाला, पहिली ओंजळ त्यांची आणि मग गारपीट. डोंगरमाथ्यावर तोवर काही दिसत नव्हतं. शुक्र नुकताच पलीकडं गेला असावा.

गडबडीत छोटं भिंग निघून तिच्या हातात राहिलं होतं. सगळे विधी तिनं डाव्या मुठीत ते धरूनच केले. उघड्या नळीत ज्वारी शिरली. काही दाणे अजून वाजतात.

अंधार पडल्यावर तिनं मूठ उघडून भिंग माझ्यापुढं केलं. दुर्बीण तर भरलेली. भटजी म्हणाले, "असू दे. नुसत्या डोळ्यांनी ध्रुव दाखवा नवरीला."

मी हात उचलला, पण दिशाच सुचेना.

"तुमच्या पाठीमागं," ती म्हणाली. "आता दुपार न्हाय."