वरून ओतलेलं पाणी

"नाही हो, आईने कुठंतरी ऐकलंय ते. आमच्याकडे असलं काही नव्हतं," माझा मुलगा म्हणाला आणि हसला.

मी तेव्हा दहाबारा बायापोरांसमोर ओंजळ तोंडाशी धरून उभी होते. हात खाली घेतले. नाटक बसवणाऱ्या बाईही हसल्या. "वाटलंच मला," म्हणाल्या. "जुन्या लोकांना काय, ऐकलेलं आणि झालेलं सगळं एकच वाटतं." पोरं पुन्हा खुर्च्या मांडायला लागली. माझी नात तेवढी माझ्याकडे बघत राहिली.

हे घडलं मुलाच्या नोकरीच्या या परक्या देशात, यिशुनला, बाईंच्या ब्लॉकखाली. इथे इमारतीचा तळमजला मोकळाच असतो. तिथे लग्नं होतात, मयताला माणसं जमतात, म्हातारे सोंगट्या खेळतात. मराठी लोकांनी त्या दिवशी तिथे अमेरिका उभी केली होती.

दरवर्षी इथली मराठी मंडळी पोरांचं एक नाटक करतात. एरवी किल्ले आणि तलवारी असतात. या वर्षी बाईंच्या थोरल्याला शाळेत अमेरिकेतल्या काळ्या लोकांची चळवळ अभ्यासाला होती, म्हणून तेच घेतलं. बाई पुण्याच्या, शिकलेल्या, आवाज खणखणीत. माझ्या नातीला त्यांनी मुख्य काम दिलं. बसमधल्या जागेवरून न उठणारी ती शिवणकाम करणारी बाई. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिचा रंगसुद्धा शोभतो." सून लाजून हसली. मी हसले नाही.

नात अकरा वर्षांची आहे. ती मला पुस्तकातून वाचून दाखवायची. मराठीत अडली की इंग्रजीत घुसायची, तिथेही अडली की इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' जोडून "यू नो लाह, आजी" म्हणून पुढे जायची. पण मला कळायचं. न कळण्यासारखं काय होतं त्यात? काळ्यांनी बसमध्ये मागे बसायचं. गोरा उभा राहिला तर आपली जागा सोडायची. प्यायच्या पाण्याचे नळ वेगळे. खानावळीत शिकलेली काळी पोरं नुसती जाऊन बसली तर त्यांच्या डोक्यावर साखर ओतली, सॉस ओतला. ती बाई उठली नाही, तिला पोलिसांनी नेलं. मग गावातल्या काळ्यांनी बसच सोडली. वर्ष उलटून गेलं तरी पायी चालले. दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बायका पहाटे निघून चालत कामाला जायच्या. त्या बायका मला आवडल्या. त्यांनी भाषणं केली नाहीत, पाय झिजवले.

बाई पोरांना समजावायच्या, "ती दिवसभर काम करून दमली होती, म्हणून उठली नाही." मी खुर्चीत बसून ऐकत होते. दमलेली बाई उठत नाही? जन्मभर दमलेल्या बायकाच उठताना पाहिल्यात मी. दमलेली बाई मुकाट उठते आणि वर पदरही सावरते. न उठायला राग लागतो. पण राग म्हटलं की या मंडळींना ते भांडण वाटतं, आणि दमणं म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं.

मग नळाचा प्रसंग आला. पुठ्ठ्याचे दोन नळ केले होते. बाईंना वाटलं, हे फिकं होतंय. म्हणाल्या, "काहीतरी अंगावर काटा येईल असं हवं. काळ्या मुलीला कुणी पाणी देतंय, पण शिवत नाही." एका मुलाने तांब्या धरला, नातीने ओंजळ केली. पण ती तांब्याला हात लावायला जायची. चुकून नव्हे, तसं प्यायची तिला सवयच नाही. मला राहवलं नाही. उठून म्हटलं, "अगं, कोपरं खाली. हात तोंडाला लावून धरायचे. मान वर नाही करायची, पाणी नाकात जातं. आणि ओतणारा मध्येच थांबला तर आणखी मागायचं नसतं."

"अय्या आजी, तुम्हाला कसं हो माहिती?" बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "शाळेत असंच प्यायचो आम्ही."

तेवढ्यात मुलगा ऑफिसातून पोरीला न्यायला आला होता. मग तो जे बोलला ते वर लिहिलंच आहे.

बसने परतलो. वुडलँड्सला घरी आल्यावर तो स्वयंपाकघरात माझ्यामागे आला. लहानपणी मला तो माय म्हणायचा. इंजिनिअर झाल्यावर आई म्हणायला लागला. त्या दिवशी म्हणाला, "माय, हात जोडतो तुला. या लोकांत उठतो-बसतो आम्ही. पोरीला मैत्रिणी आहेत."

"मग मैत्रिणी पळून जातील?"

"पळणार नाही कुणी. बोलावणं बंद होईल. तुला माहीत नाही कसं करतात. गोड बोलून करतात."

"मला माहीत नाही?" मी म्हटलं.

चाळिशी उलटलेला माणूस, हाताखाली माणसं, आणि भ्यायला कुणाला? तर डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन येणाऱ्या चार बायकांना. आडनाव त्याच्या बापानेच गावावरून लावलं होतं, तेवढं मी समजू शकते. पण याने कुणी विचारलंच तर सांगायला एक कुलदैवतही ठरवून ठेवलंय. निळ्या कोटातली तसबीर कपाटाच्या दाराला आतून लावलीय. कपडे काढताना दर्शन होतं.

रात्री जेवताना नातीने मला सरळ विचारलं, "आजी, यू लाय का? की पप्पा?"

मुलगा ताटात बघत होता. मी म्हटलं, "तुझ्या बापाला विचार." त्याचं त्याने सांगावं, असं मला वाटलं. त्याने भात वाढून घेतला. पोरीने ताट सरकवलं आणि पुढे बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पुस्तकही वाचून दाखवलं नाही. ते मात्र मला लागलं. चार बायका खोटी म्हणाल्या तर म्हणोत, नातीनेही तसंच समजायचं?

नाटक झालं. हॉल भरला होता. नातीने ओंजळ अगदी मी दाखवली तशीच धरली. कोपरं खाली, मान खाली. माझ्या पुढच्या रांगेतल्या बायका रुमाल काढून डोळे पुसत होत्या. अमेरिका लांब आहे, तिच्यासाठी रडायला सोपं जातं. शेवटी बाई माइकवर म्हणाल्या, "माणसाने माणसाला इतकं दूर ठेवावं, कल्पनासुद्धा करवत नाही." टाळ्या पडल्या.

मग चहा. बाई ट्रे घेऊन आमच्याकडे आल्या आणि माझ्या मुलाला म्हणाल्या, "काय ते पाणी पिणं हो! काटा आला. कुठे शिकली ही?"

नात बापाकडे बघायला लागली. "पप्पा, टेल लाह."

त्याने कप उचलला, पुन्हा ठेवला. म्हणाला, "आईने शिकवलं."

"हो, पण त्यांना…" बाई म्हणाल्या.

त्यापुढे त्याला जमेना. पण या वेळी तो हसलाही नाही. मी खुर्चीत होते. बाई म्हणाल्या, "उठताय का आजी? हात देऊ?" मी म्हटलं, "नको. बसूनच सांगते."

आणि सांगितलं. बाईंच्या हातातला ट्रे तसाच राहिला. म्हणाल्या, "पण तुमचं कुलदैवत तर…" मी त्यांच्या ट्रेमधला एक कप उचलून घेतला. नात माझ्या खुर्चीला टेकून उभी राहिली.

ते मी कुठे ऐकलेलं नाही. शाळेच्या ओट्यावर रांजण असायचा, वरच्या वर्गातला एक मुलगा तांब्याने ओतायचा, ओट्याखाली मी ओंजळ धरायचे. त्याला खेळायचं असलं की तहानलेलीच घरी यायचे. चौथीपर्यंत तसंच पाणी प्यायले. मी.