पिल्लांच्या वाफ्यात दाताळं

माझ्या सासूबाई, काबेया किनुए, म्हणजे मिकावाच्या उपसागरातल्या तिसऱ्या-शिंपल्यांच्या राखणदार. वसंतात उथळ समुद्रात पेरलेल्या पिल्लांच्या वाफ्यात हंगामाआधी कुणी दाताळं घालायचं नाही, हा नियम त्यांचाच. त्यापायी सख्ख्या नवऱ्यालाही त्यांनी भर सभेत उभं केलं होतं.

सप्टेंबरातली ती सकाळ मी जन्मात विसरणार नाही. दोन दिवस वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता आणि काठाला खेकडे, वाम, चपटे मासे नुसते उतू चालले होते. गुडघाभर पाण्यात अख्खं गाव बादल्या घेऊन उतरलं. मीही हावरटासारख्या दोन भरल्या. सासूबाई मात्र पहाटेपासून वाफ्याकडे बघत उभ्या होत्या, एका खेकड्यालाही हात न लावता.

नऊच्या सुमाराला त्या म्हणाल्या, "मेजवानी कसली करताय? हे जीव पळून आलेत. उन्हाळाभर तळाच्या पाण्यात हवा उरलेली नाही, आणि वारा तेच पाणी वर ओढतोय. पाय होते ते आले. तिसऱ्यांनी कुठं जायचं?"

आणि त्यांनी वाफ्यात दाताळं घातलं.

मच्छीमार संघाचा प्रमुख इनागाकी धावत आला. "काकी, डोकं ठिकाणावर आहे ना? नियम तुमचा."

"माझा आहे म्हणून मीच मोडते. तोंड पुरे, टोपली धर."

मग जी धांदल उडाली! बादल्या ओतल्या गेल्या, होड्या आल्या. नदीच्या मुखाशी लाटा पाणी घुसळून त्यात हवा मिसळत राहतात. तिथं पिल्लं नेऊन टाकता टाकता आमचे हात सोलून निघाले. अंधार पडेपर्यंत कुणी जेवलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी समुद्र दुधात मोरचूद कालवल्यासारखा झाला. सडक्या अंड्यांचा वास सुटला. निम्म्या तिसऱ्या वाफ्यातच राहिल्या होत्या, त्या तोंड वासून मेल्या होत्या. आम्ही नदीच्या मुखाकडे पळालो. ओल्या वाळूवर पाऊल ठेवलं, तर चहूकडून पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडाल्या. मी आनंदानं किंचाळले. इनागाकी लहान पोरासारखा नाचला.

"आई, जगल्या की हो!"

सासूबाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. "मला पहाटेच कळलं होतं गं," त्या म्हणाल्या. "स्वतःचा नियम मोडायला नऊ वाजले."