आलोच

भूतबित मानणाऱ्यांची मी आजवर टरच उडवत आलोय. आयर्लंडमध्ये, गॉलवेत मेडिकल डिव्हाइसच्या प्लांटमध्ये इंजिनीअर आहे, पुराव्याशिवाय बोलत नाही. तरी हे लिहितोय...

माझा धाकटा भाऊ ओंकार इथल्याच कॉनेमाराच्या समुद्रात बुडून गेला. तळाशी पडलेल्या एका मासेमारी ट्रॉलरवर डायव्हिंग करताना. जुन्या जाळ्यात पाय अडकलेला सापडला. सोबत त्याचा जिगरी दोस्त प्रसाद होता. तो म्हणे, गढूळ पाण्यात चुकामूक झाली. माझा काडीचा विश्वास बसला नाही. आईने तर हायच खाल्ली. म्हणून मी डायव्हिंग शिकलो, आणि वर्षश्राद्ध झाल्यावर प्रसादला म्हणालो, चल, मला ती जागा दाखव. नाही म्हणायला त्याला तोंडच नव्हतं.

बोटवाला डेक्लन वर थांबला. पाणी आज ग्रँड आहे म्हणाला... डोंबलाचं ग्रँड! हाडं गोठवणारी थंडी, आणि हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसेनात. आमच्या मास्कमध्ये माइक होते, त्यामुळे एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं. या खेपेला बोटीवरही स्पीकर होता. ट्रॉलरपाशी पोचलो आणि प्रसाद ओरडला. त्याचा पाय जाळ्यात. धडपडला तसा आणखीच गुरफटला.

चाकू माझ्याकडे होता. पण असा काही संताप उसळला, की मी हललोच नाही. भोग, मनात म्हटलं. तेवढ्यात कानात आवाज आला, अगदी शांत —

"आलोच."

प्रसाद हमसून हमसून रडायला लागला. "दादा, नको ना... मी हेच म्हणालो होतो त्याला. चाकू घेऊन आलोच, म्हणालो... आणि बोटीत जाऊन बसलो. फाटली होती माझी. परत आलोच नाही रे."

मी जाळं कापलं. कसं कापलं ते माझं मला माहीत.

वर आल्यावर डेक्लनने विचारलं, हे 'आलोच' म्हणजे काय? स्पीकरवर त्याने स्वच्छ ऐकलं होतं, आणि त्याच्या मते आवाज माझा होता. प्रसादने पुढे आईसमोर सगळं कबूल केलं. तोही शपथेवर सांगतो, दादाच म्हणाला.

मी तोंड उघडलं नव्हतं. खाली ओंकारला प्रसाद काय म्हणाला होता, हे मला कुठून कळणार?

एक मात्र सांगतो... तो शब्द आधी माहीत असता, तर मीच प्रसादला तसं म्हणून वर गेलो असतो. आणि परत आलो नसतो.